जखमी कुणाचा?

गोळी किंवा स्फोटाचा तुकडा लागलेल्या दर शंभर सैनिकांपैकी किती दगावले, याचा हिशेब अमेरिकी सैन्य बराच काळ ठेवत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात हा आकडा १९ होता. व्हिएतनाममध्ये तो १६ च्या जवळ आला आणि इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत पहिल्या काही वर्षांतच ९ वर उतरला. या काळात शस्त्रे काही मवाळ झाली नाहीत. रस्त्याकडेला पुरलेला सुरुंग एका क्षणात दोन्ही पाय आणि ओटीपोट उद्ध्वस्त करतो. अशा जखमेचा माणूस १९४४ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत क्वचितच पोचला असता. घट झाली ती काही अंशी छातीवरच्या चिलखतामुळे आणि बऱ्याच अंशी वैद्यकामुळे.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. ती सांगताना एक प्रश्न मात्र नेहमी मागे राहतो: हा जीव वाचवला तो कुणासाठी? सैन्याला बंदूक धरणारा माणूस परत हवा असतो. वैद्यासाठी समोरचा देह कुठल्याही आजारी देहासारखाच असतो, निदान तसा असायला हवा. खुद्द जखमीला कधी घरी जायचे असते, कधी आपल्या तुकडीत परतायचे असते, तर कधी मरायचेही असते. रणवैद्यकाच्या इतिहासात तंत्र आणि हा प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. जगण्याचे प्रमाण जेव्हा जेव्हा ठळकपणे वाढले, तेव्हा औषधाइतकाच वाटा ‘आधी कुणाला, किती लवकर आणि कुणाच्या हातून’ या निर्णयांचा होता. हे निर्णय वैद्यकाच्या पुस्तकात छापलेले असले तरी ते नीतीच्या प्रांतातले आहेत.

रणांगणावर वाचू शकला असता असा माणूस मरतो तो मुख्यतः रक्त वाहून. २००१ ते २०११ या काळातल्या ४,५९६ अमेरिकी मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा सुमारे ८७ टक्के मृत्यू इस्पितळात पोचण्याआधीच झाल्याचे दिसले. त्या आधीच गेलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता, आणि त्या वाचण्याजोग्यांत दहातले नऊ जण रक्तस्रावाने गेले होते. निष्णात सर्जन, रक्तपेढी, विमानातला अतिदक्षता विभाग हे सगळे ज्याच्यासाठी उभे केले, तो माणूस तिथवर येतच नाही. त्याचा निकाल पहिल्या काही मिनिटांत, चिखलात किंवा वाळूत, शेजारी जो कोणी असेल त्याच्या हातून लागतो.

हातपाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, काही नवा शोध नाही. अठराव्या शतकातल्या सर्जनांकडेही तो होता. पण विसाव्या शतकात त्याची बदनामी झाली. पट्टा तासन्‌तास तसाच राहतो, त्याखालचा पाय मरतो आणि कापावा लागतो, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय असे शिकवले जाई. या सावधगिरीची किंमत मोठी होती. व्हिएतनाममध्ये केवळ हातापायांच्या रक्तस्रावाने अडीच हजारांवर अमेरिकी सैनिक गेले, असा हिशेब पुढे मांडला गेला. १९९६ मध्ये अमेरिकी नौदलातले डॉक्टर फ्रँक बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढाईतल्या प्रथमोपचाराची पद्धत मुळापासून बदलावी असा लेख लिहिला आणि टूर्निकेटला पहिल्या क्रमांकावर आणले. पुढे बगदादच्या लष्करी इस्पितळातल्या नोंदींनी त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. रुग्ण शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा आवळला असेल तर दहातले नऊ जगत. शॉकमध्ये गेल्यावर आवळला तर दहातला जेमतेम एक.

या बदलाने वैद्यकाची सूत्रे डॉक्टरच्या हातून निघून शिपायाच्या हाती आली. आता पट्टा प्रत्येकाच्या अंगावर असतो आणि तो एका हाताने स्वतःच स्वतःला बांधायचा सराव करून घेतला जातो. यात एक विलक्षण गोष्ट घडते. ज्या हाताने क्षणापूर्वी घोडा दाबला, त्याच हाताला आता जीव वाचवायचा असतो. बटलर यांच्या पद्धतीत गोळीबार चालू असतानाची पहिली पायरी तर अशी आहे की आधी शत्रूच्या गोळीबाराला उत्तर द्यावे आणि आडोसा गाठावा, उपचार मागाहून. तर्क बिनतोड आहे: धावत गेलेला सोबती स्वतःच पडला तर जखमी एकाचे दोन होतात. तरीही उपचाराच्या पाठ्यपुस्तकात उपचाराची पहिली कृती म्हणून गोळी झाडणे लिहिलेले असावे, यावर वैद्यकशास्त्राने जितका विचार करायला हवा तितका केलेला नाही. जिनिव्हा करार वैद्यकीय कर्मचाऱ्याला शस्त्र बाळगू देतो, पण केवळ स्वतःच्या आणि आपल्या रुग्णाच्या रक्षणासाठी. युद्धाच्या धुमश्चक्रीत ही रेघ शोधणे कठीण असते.

दुसरा निर्णय वेळेचा. नेपोलियनपूर्व युरोपात लढाई संपेपर्यंत जखमींना बहुधा जागीच पडून राहावे लागे. उपचाराच्या गाड्या पिछाडीला काही मैलांवर थांबत आणि तोफा थंडावल्यावर पुढे येत. १७९० च्या दशकात फ्रेंच सर्जन दोमिनिक झां लार्रे यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार केल्या आणि लढाई चालू असतानाच त्या जखमींपर्यंत नेल्या. फिरत्या तोफखान्याच्या चपळाईवरून त्यांना ही कल्पना सुचली. तोफ जिथे जाऊ शकते तिथे डॉक्टर का नाही, असा तो सरळ सवाल होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात जोनाथन लेटरमन यांनी रुग्णवाहिकांचे स्वतंत्र दल उभारले. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले जखमी वाटेतल्या हिसक्यांनीच दगावत. तिथे थॉमस स्प्लिंट नावाच्या एका साध्या लोखंडी चौकटीने हजारो जीव राखले. कोरियात हेलिकॉप्टर आले. २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानात जखमीला एका तासाच्या आत इस्पितळात पोचवण्याचा हुकूम काढला आणि वाहतुकीचा मध्यम काळ ९० मिनिटांवरून ४३ वर आला. मृत्यूही त्यासोबत घटले.

या तासाला ‘सुवर्णतास’ म्हणण्याची पद्धत आहे. पण ते सोने कुणाच्या तिजोरीतले, हे २०२२ नंतर युक्रेनमध्ये स्पष्ट झाले. अमेरिकेचा तो तास आकाशावरच्या निर्विवाद ताब्यावर उभा होता. तालिबानकडे लढाऊ विमाने नव्हती. युक्रेनच्या आघाडीवर डोक्यावर सतत ड्रोन घिरट्या घालतात. जखमीला हलवायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. टूर्निकेट इतका वेळ राहतो की जुनी भीती खरी ठरून हातपाय जातात, आणि म्हणून तो वेळेवर सैल करून साध्या दाबपट्टीवर कसे यावे हे नव्याने शिकवावे लागते. तिथल्या रुग्णवाहिकांवरून लाल क्रॉस पुसून टाकला जातो, कारण ते चिन्ह संरक्षण देण्याऐवजी नेम धरायला मदत करते. हे चिन्ह १८६४ पासून जगाच्या सामाईक विश्वासावर चालत आले होते. जगण्याच्या टक्केवारीत हा विश्वासही मोजलेला असतो, पण कोष्टकात त्याचा रकाना नसतो.

तिसरा निर्णय क्रमाचा, आणि खरी तात्त्विक अडचण इथे आहे. जखमी शंभर आणि सर्जन दोन, तर आधी कोण? लार्रे यांच्याआधी उत्तर हुद्द्यावरून ठरे. त्यांनी नियम घातला की जखम जितकी धोक्याची तितका तिचा नंबर आधी. हुद्दा पाहायचा नाही, गणवेशही पाहायचा नाही. हा नियम त्यांनी स्वतः पाळला आणि त्याची परतफेड त्यांना विचित्र रीतीने मिळाली. १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर ते प्रशियन सैन्याच्या हाती लागले आणि त्यांना गोळी घालण्याची तयारी झाली होती. एका जर्मन सर्जनने त्यांना ओळखले. प्रशियन सेनापती ब्ल्यूखर यांच्या मुलावर पूर्वी लार्रे यांनीच उपचार केले होते. त्यांची सन्मानाने सुटका झाली.

निवडण्याच्या या कामाला पुढे फ्रेंच शब्दावरून ‘ट्रायाज’ हे नाव रुळले. धान्य पाखडून, निवडून वेगळे करावे तसे जखमी वेगळे करायचे. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांनी जखमींचे गट पाडले. त्यांतला एक गट आशा सोडलेल्यांचा होता. त्यांच्या वाट्याला सर्जन न येता परिचारिका आणि धर्मगुरू येत. पिरोगोव्ह यांना दिसले की कुणालाही न वगळता ओळीने शस्त्रक्रिया करत गेले, तर वाचू शकणारेच आधी मरतात. निवड क्रूर दिसते; न निवडणे त्याहून क्रूर ठरते.

पण निवडण्याची फूटपट्टी एकच नाही. एक फूटपट्टी गरजेची: कुणाला आत्ता मदत मिळाली नाही तर तो मरेल? दुसरी उपयोगाची: कोण लवकर बरा होऊन पुन्हा खंदकात उभा राहील? शांततेच्या काळात या दोन्ही साधारण एकाच माणसाकडे बोट दाखवतात. युद्धात त्या उलट दिशांना जातात. याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण १९४३ चे. पेनिसिलिन तेव्हा नुकतेच आले होते आणि फार थोडे होते. उत्तर आफ्रिकेतल्या अमेरिकी इस्पितळांत लढाईत जखमी होऊन जखमा चिघळलेले सैनिक होते, आणि वेश्यावस्तीत जाऊन परमा घेऊन आलेलेही होते. हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्‍री बीचर यांनी पुढे लिहिल्यानुसार औषध दुसऱ्या गटाला देण्यात आले. काही दिवसांत ते आघाडीवर परतणार होते. जखमींना महिने लागले असते.

उपयुक्ततावादी हिशेबात हा निर्णय बसतो. युद्ध जिंकणे जर इष्ट असेल, तर लढणारे हात वाढवणेही इष्ट. कांटच्या नीतीला तो मुळीच मान्य होणार नाही, कारण त्यात माणसाला केवळ साधन केले. भारतीय विचारात या पेचासाठी एक तिसरा शब्द आहे आणि तो इथे अधिक नेमका लागू पडतो: आपद्धर्म. महाभारतातल्या शांतिपर्वाचा एक मोठा भाग याच विषयाला दिलेला आहे. संकटात एरवीचे नियम शिथिल होतात, भुकेने मरणारा विश्वामित्र चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस घ्यायला निघतो. पण तो धर्म आपत्तीपुरताच. पेनिसिलिनचा निर्णय आपद्धर्म म्हणून समर्थनीय असेलही. गोम अशी की आपत्ती आहे हे जाहीर करणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच आहे, तो म्हणजे सेनापती. आपद्धर्माची मर्यादा ज्याच्यावर घालायची त्याच्याच हाती ती आखण्याचा अधिकार गेला की मर्यादा राहत नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे बारावे कलम म्हणूनच महत्त्वाचे आहे. उपचारांच्या क्रमात कुणाला आधी घ्यायचे ते केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणावरूनच ठरवता येईल, असे ते सांगते. त्या एका वाक्याने क्रम ठरवण्याचा अधिकार सेनापतीकडून काढून वैद्याकडे दिला.

त्याच कलमात शत्रूचा जखमीही आला. ही कल्पना १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईत जन्मली असे पाश्चात्त्य इतिहास सांगतो, आणि करार म्हणून ती तिथूनच निघाली हे खरे. आंरी द्युनां हा स्विस व्यापारी अल्जीरियातल्या जमिनीचे काम घेऊन तिसऱ्या नेपोलियनला भेटायला निघाला होता. २४ जूनच्या लढाईत सुमारे ४० हजार माणसे मेली वा जखमी झाली. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका ऑस्ट्रियन आणि फ्रेंच असा भेद न करता सगळ्यांना पाणी पाजताना द्युनांनी पाहिल्या. १८६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले, पुढल्या वर्षी रेड क्रॉसची समिती स्थापन झाली, १८६४ मध्ये पहिला करार झाला.

विचार मात्र जुना आहे. शांतिपर्वात राजधर्म सांगताना भीष्म युधिष्ठिराला बजावतात की शत्रूचा जखमी योद्धा हाती लागला तर त्याच्यावर आपल्या राज्यात उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोचवावे, आणि जखमा भरल्यावर त्याला मोकळे सोडावे. शीख परंपरेत भाई कन्हैयांची कथा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी आनंदपूरच्या लढाईत ते पखाल घेऊन शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत. तक्रार झाली. गुरू गोविंदसिंगांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले की मला सगळ्यांत तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी त्यांच्या हाती मलम आणि पट्ट्याही दिल्या. भारतीय सेनेच्या वैद्यकीय कोअरचे संस्कृत ब्रीदवाक्य सगळे निरोगी असोत असे म्हणते. त्यात ‘आपले’ हा शब्द नाही.

व्यवहारात ‘सगळे’ हा शब्द आकसतो. अफगाणिस्तान आणि इराकमधल्या पाश्चात्त्य लष्करी इस्पितळांत पात्रतेचे नियम होते. आपला सैनिक जर्मनीतल्या लांडश्टूलच्या लष्करी इस्पितळामार्गे मायदेशी जाई. स्थानिक माणसाला जीव, अवयव किंवा दृष्टी धोक्यात असेल तर, तेही खाट मोकळी असल्यास, घेतले जाई आणि पुढे स्थानिक इस्पितळाकडे सोपवले जाई. त्या स्थानिक इस्पितळाची अवस्था सगळ्यांना ठाऊक असे. खाटा मोजक्या असतात हे मान्य केले तरी, दोन समान जखमांना दोन वेगळी भविष्ये पासपोर्टवरून मिळाली हे नाकारता येत नाही.

इथपर्यंतचे सगळे प्रश्न वैद्याने युद्धात कसे वागावे याचे आहेत. त्याच्याही मागचा प्रश्न असा की वैद्याने युद्धात जावे का. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी द्युनांच्या योजनेला सुरुवातीला विरोध केला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांचे म्हणणे असे की जखमींची काळजी घेणे हे युद्ध करणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे. दयाळू स्वयंसेवकांनी तो भार उचलला तर सरकारांना युद्ध स्वस्त पडेल. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळातली घाण आणि सरकारी बेपर्वाई ज्या बाईने डोळ्यांनी पाहिली, तिच्या या शंकेला वजन आहे.

गांधीजी याहून पुढे गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात १९०० मध्ये स्पिऑन कोपच्या आसपास त्यांनी हिंदी स्वयंसेवकांसह जखमींच्या डोल्या वाहिल्या. १९०६ च्या झुलू बंडात, गोरे ज्यांना हात लावायला तयार नव्हते अशा झुलूंच्या जखमा त्यांच्या पथकाने धुतल्या. पुढे आत्मकथेत त्यांनी स्वतःलाच दोषी धरले. युद्धात जखमींची शुश्रूषा करणारा युद्धाच्या पापातून सुटत नाही, शस्त्र चालवणारा आणि तो यांत अहिंसेच्या दृष्टीने भेद करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोली वाहून झाल्यावर हे लिहिले आहे, म्हणून ते घरात बसलेल्याच्या उपदेशासारखे झटकून टाकता येत नाही.

गांधीजींच्या काँग्रेसनेच १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनी तटस्थतेचा आव आणला नाही. ते चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत सामील झाले, तिथेच रक्तात जंतुसंसर्ग होऊन वारलेले कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या मते एक बाजू न्यायाची होती आणि तिच्या जखमींना वाचवणे हा न्यायाचाच भाग होता. महाराष्ट्रात त्यांच्या त्यागाची गोष्ट पाठ असते. त्यांनी एका तात्त्विक प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून तिच्याकडे सहसा पाहिले जात नाही.

नाइटिंगेल आणि गांधीजी यांचा आक्षेप संस्थेपुरता खरा आहे. जखमी वाचू लागले की मृतांचा आकडा लहान दिसतो आणि युद्ध लांबवणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकेचे सुमारे सात हजार सैनिक मृत्युमुखी पडले आणि ५० हजारांहून अधिक जखमी झाले. शवपेट्या कमी आल्या, हेही युद्ध दोन दशके चालू राहण्याचे एक कारण मानता येईल. पण हा आक्षेप व्यक्तीच्या कृतीला तसाच लागू होत नाही. रक्त वाहणाऱ्या माणसाला युद्ध वाईट ठरवण्यासाठी मरू द्यावे, असे गांधीजींनीही म्हटले नव्हते. वैद्य युद्धयंत्राचा भाग झाला की नाही, हे तो आघाडीवर गेला यावरून ठरत नाही. क्रम लावताना त्याने गरजेची फूटपट्टी धरली की उपयोगाची, यावरून ते ठरते. गरजेची धरली तर तो जखमीचा. उपयोगाची धरली तर तो शस्त्रागारातला कारागीर.

उरतो तो स्वतः जखमी. भीष्मपर्वात शरशय्येवर पडलेल्या भीष्मांसमोर दुर्योधन शल्य काढण्यात निपुण असलेले वैद्य आणून उभे करतो. भीष्म त्यांना मानाने, धन देऊन परत पाठवतात. आपल्याला आता वैद्याचे काम नाही म्हणतात. शत्रूच्याही जखमीवर उपचार करा असे नंतर युधिष्ठिराला सांगणारे ते हेच भीष्म, अजून त्याच बाणांवर पडलेले. उपचार देणे हा राजाचा धर्म आणि तो नाकारणे हा जखमीचा अधिकार, या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या आहेत. आधुनिक सैनिकाला दुसरी गोष्ट जवळजवळ नसते. त्याची शुद्ध गेलेली असते, हेलिकॉप्टर आलेले असते, आणि तो जागा होतो तेव्हा निर्णय झालेला असतो.

बीचर यांनीच इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या दोनशेहून अधिक सैनिकांना विचारले होते की वेदनाशामक हवे का. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी नको म्हटले. तेवढ्याच जखमेचे नागरी रुग्ण मॉर्फीनसाठी कळवळत. बीचर यांनी १९४६ मध्ये याचा अर्थ असा लावला की सैनिकाला जखम म्हणजे सुटका वाटते, घरी जाण्याचा परवाना वाटतो. वेदना मांसात असते त्याहून जास्त तिच्या अर्थात असते. याची दुसरी बाजू अशी की जगण्याचा अर्थ हरवला तर भरलेली जखमही दुखत राहते. सुश्रुताने ज्याला शल्य म्हटले तो शरीरात रुतलेला बाण किंवा काटा. त्यावरूनच शल्यक्रिया हा शब्द आला आणि मराठीतला मनातला ‘सल’ही त्याच शब्दाचा वंशज आहे. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ज्याला नैतिक जखम म्हटले, त्यासाठी मराठीत वेगळा शब्द शोधावा लागत नाही. हा सल काढायला सुवर्णतासाचे हेलिकॉप्टर उपयोगी पडत नाही.

म्हणून सैनिक वाचला की नाही, याचे उत्तर इस्पितळातून सुटी मिळाल्याच्या तारखेला देता येत नाही. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीत १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे माणसे काही महिन्यांसाठी न येता अनेकदा उरलेल्या आयुष्यासाठी येतात. गरजेची फूटपट्टी आघाडीवर धरली आणि इथे सोडली, तर आघाडीवरचा प्रामाणिकपणा अर्धाच राहतो. हवाई दल, रक्तपेढ्या आणि सर्जन यांवर जितका खर्च पहिल्या तासात होतो, त्या मानाने पुढल्या चाळीस वर्षांकडे जगातल्या कुठल्याही सैन्याने तेवढ्याच निकडीने पाहिलेले नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सेनेत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात अडकली आणि पाय कायमचे गेले. उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होते. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.